कंसातलं नाव

मावशी, नमस्कार.

वय ५१. तासगाव तालुक्यात येरळेकाठी आमचं गाव. अकरा एकर रान, त्यात पाच एकर द्राक्षबाग. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली, तेव्हा आमच्या भावकीनंही तहसीलला हेलपाटे घातले, मोडी जाणणाऱ्याकडून कागद वाचून घेतले. त्यातून थोरल्या दिरांनी वंशावळ तयार केली. यंदाच्या जत्रेला ती मोठी छापून लावायची आणि सोबत घराण्याच्या माहितीची पुस्तिका काढायची, असं ठरलंय. कागद लावायचं काम माझ्याकडं आहे.

त्यात १९३९ चा एक फेरफार निघाला. आजेसासरे वारले, वारस म्हणून दोन मुलं लागली. एक आठ वर्षांचा, एक चार. खाली 'अ.पा.क. सावत्र आई' आणि एका बाईचं नाव. १९५३ च्या फेरफारात धाकटाही सज्ञान झाला म्हणून तिचं नाव कमी केलंय. उताऱ्यावर नावाला कंस आहे. लग्नाला २८ वर्षं झाली, हे नाव मी घरात एकदाही ऐकलं नव्हतं.

शेजारच्या आक्कांना विचारलं. म्हणाल्या, "ती थोरली." तिला पोर होईना म्हणून आजेसासऱ्यांनी दुसरी केली. धाकटीला दोन मुलगे झाले, दुसऱ्याच्या बाळंतपणात ती गेली. पोरं थोरलीनं वाढवली. घरात सुना आल्यावर तिला मळ्यातल्या वस्तीवर ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत गेली. धाकटीची अविधवा नवमी आम्ही दरवर्षी करतो, सवाष्ण जेवू घालतो, साडी-चोळी देतो. थोरलीचं काहीच नाही.

सासऱ्यांना विचारलं. त्या दोघांतला धाकटा म्हणजे तेच, आता नव्वदीत आहेत. ताट सरकवून उठले. म्हणाले, "त्यो इषय काढू नगंस." थोरले दीर म्हणतात, पोरबाळ नसलेल्या बाईला वंशावळीत दाखवायचं कुठं? आणि उद्या तिच्या माहेरचं कुणी हक्क सांगत आलं तर? नवरा म्हणतो, तुला नसत्या उचापती. मी गप्प बसू का जत्रेत सगळ्यांसमोर विचारू?

ता. क. बेदाण्याच्या शेडचा सगळा हिशेब मी लिहिते. वंशावळीत मीही नाही.

— एक सून, तासगाव तालुका

*

अगं, वयानं तू माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीसारखी, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस. तुझा ता. क. मी सगळ्यात आधी वाचला, पण त्यावर शेवटी बोलते. आधी थोरलीकडं वळू.

तिचं नाव तू पत्रात लिहिलंयस. मी ते इथं छापत नाही. ते पहिल्यांदा तुमच्या घरानं छापावं.

ज्यांनी सातबारा कधी जवळून पाहिला नाही त्या वाचकांसाठी सांगते, फेरफार म्हणजे जमिनीवरच्या नावांत झालेल्या बदलाची नोंद, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. कायद्याच्या भाषेत वयात न आलेलं मूल म्हणजे 'अज्ञान', आणि त्याच्या वतीनं जमिनीचं बघणारा तो पालन कर्ता. बाई असली तरी कर्ताच, कर्ती नाही. तुझ्या घरची ती चौदा वर्षं 'कर्ता' होती आणि मग कंसात गेली. नाव कमी करायची महसूल खात्याची ही रीतच आहे. पूर्वी तलाठी शाईनं कंस करायचा. खोडायचा नाही, म्हणून तर तुला ते वाचता आलं.

आता माझं ऐकशील तर एक वही घे आणि घराण्याच्या पुस्तिकेत काय काय छापणार आहेत ते सनावळीसह लिहून काढ. तुझ्या पत्राबरोबर पुस्तिकेचा कच्चा मजकूर आहे, तो मी वाचला. त्यात एक ओळ आहे, "१९४३-४४ साली आपल्या घराण्याने प्रतिसरकारच्या भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा दिला व जेवू घातले." वाचून बरं वाटलं. तुमच्या भागात ते खोटं असायचं कारण नाही. कुंडल जवळच, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ते मोठं ठाणं. त्या वर्षांत त्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी रात्रीबेरात्री दार उघडलं, ज्वारीच्या रानात भाकरी पोचवल्या.

पण वर्ष बघ की. १९४३ साली तुझे चुलत सासरे बारा वर्षांचे, सासरे आठ वर्षांचे. आजेसासऱ्यांना जाऊन चार वर्षं झालेली. धाकटी त्याच्याही आधी गेलेली. मग 'घराण्याने' म्हणजे कुणी? दार कुणी उघडलं? रात्री अकराला पुन्हा पीठ मळून तवा कुणी ठेवला? सकाळी पोलीसपाटील विचारायला आला असेल तर त्याला कुणी सांगितलं असेल, की घरात दोन लेकरांशिवाय कुणी नाही म्हणून? त्या घरात तेव्हा एकच मोठं माणूस होतं. तुझ्या दिरांना तू तिचं कौतुक सांगत बसू नकोस. त्यांची ओळ आणि फेरफाराची तारीख शेजारी शेजारी ठेव आणि चहा आणायला आत जा.

दुसरी ओळ, "वडिलोपार्जित अकरा एकर जमीन आजतागायत अखंड." ही त्यांना आपोआप घडलेली गोष्ट वाटत असणार. कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून रान कसत होता, तो कायद्यानं ते विकत घ्यायचा हक्कदार झाला. विधवा आणि अज्ञान मुलांसाठी कायद्यात सवलत होती, पण रान एकदा खंडानं दिलं की पुढं ते परत हाती येणं सोपं नव्हतं. कुळाची बाजू न्यायाची होती, ते मी नाकारत नाही. माझ्या माहेरचं रान कुळाकडं गेलं आणि त्यानं ते आमच्यापेक्षा चांगलं कसलं. पण थोरलीच्या जागी बसून बघ. नवरा नाही, पदरात दोन पोरं, मोटेवर उभं राहायला गडी नाही. अशा बाईला सगळ्यात सोपं काय होतं? रान वाट्यानं नाहीतर खंडानं लावायचं आणि वर्षाकाठी पोती घ्यायची. सगळे हाच सल्ला देत असणार. तू लिहितेस की जुन्या उताऱ्यांवर पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव कुणाचंच नाही, सगळीकडं 'खुद्द' आहे. म्हणजे तिनं ते केलं नाही. खुद्द म्हणजे कोण, चार वर्षांचा खातेदार?

आणखी एक प्रश्न मला दोन रात्री छळतोय. १९३९ साली भावकीत चुलते होतेच की. वंशावळीत मला तीन नावं दिसतात. मग अ.पा.क. म्हणून त्यांच्यातलं कुणी का लागलं नाही? त्या काळी असा कारभार बहुतेक पुरुषाच्या हाती जायचा. सावत्र आई, ती पण स्वतःचं मूल नसलेली, तिच्या हाती तो कसा आला? भावकीनं समंजसपणानं दिला, का ती चावडीवर जाऊन बसली? तुझ्याकडं त्या फेरफाराची पहिली दोन वाक्यंच आहेत. पूर्ण नक्कल काढ. वर्दी कुणी दिली, जबाब कुणाचा, हरकत कुणी घेतली होती का, खाली डाव्या हाताचा अंगठा कुणाचा, हे सगळं त्यात असतं. हरकत असेल तर तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीतही शोध. तहसीलच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज कर. कागदांवर जिल्हा सातारा लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नकोस. १९४९ पर्यंत तुमचा तालुका साताऱ्यातच होता, मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० पासून सांगली.

आता दिरांची भीती. अ.पा.क. म्हणून नाव लागल्यानं कुणी मालक होत नाही. पुस्तिकेत नाव छापल्यानं आणि भिंतीवर लावल्यानं सातबाऱ्याचा एक काना इकडचा तिकडं होत नाही. नवऱ्याच्या मागं विधवा म्हणून तिचा हिस्सा होता का, हा वेगळा प्रश्न. तो वकिलाकडचा, आणि तुम्ही कुणी तो उकरलेला नाही. एवढं त्यांना सांग. खरं सांगू का, मला ही भीती जमिनीची वाटत नाही.

दिरांचा जन्म तू १९६४ चा लिहिलायस, म्हणजे दुष्काळात ते आठ-नऊ वर्षांचे. बहात्तरच्या दुष्काळात कामावर सुकडी मिळायची. आमच्या पिढीला ती चव अजून जिभेवर आहे, गोडसर, थोडी भाजक्या पिठासारखी. तांबड्या मिलोच्या भाकरीनं घशाला कोरड पडलेली असायची, त्यात ती सुकडी म्हणजे पेढा. पासष्टीच्या आसपासची बाई खडी फोडायला गेली, तर तिनं आपल्या वाटणीची सुकडी स्वतः खाल्ली असेल का? आक्कांना विचार. दिरांनाही विचार, पण थोरलीबद्दल नको. विचार, "भाऊजी, दुष्काळात तुम्ही सुकडी खाल्ली होती का हो? कोण आणायचं?" आणि गप्प राहा. उत्तर आलं नाही तरी चालेल. प्रश्न त्यांच्या पोटात राहील.

सासऱ्यांचं मात्र सांभाळून. त्यांचं ताट सरकवणं तुला रागाचं वाटलं. मला तसं वाटत नाही, अर्थात मी इथं बसून अंदाज करतेय. त्यांची आई त्यांना जन्म देऊन गेली. तिचा चेहरा त्यांनी पाहिलेलाच नाही. आई म्हणून ज्या बाईच्या पाठीवर ते वाढले ती थोरली. पुढं ती वस्तीवर गेली तेव्हा ते तिशीतले, घरचे कर्ते होते. त्यांनी तिला घालवली असं मी म्हणत नाही. नुसते गप्प बसले असतील. ते गप्प बसणं साठ वर्षं सांभाळलेल्या माणसाला तू जेवताना विचारलंस, आणि तेही सुनेनं. तुझी सासूही यात आहे हे विसरू नकोस. ती आता नाही, तिची बाजू मांडायला कुणी नाही. विशीतली पोर, दोन सासवांच्या घरात आलेली, त्यातली एक भिंतीवरच्या देवासारखी आणि एक चुलीपाशी. तिला खलनायिका करून थोरलीला मोठं करायचं असेल तर मला त्या कामात धरू नकोस.

तात्यांना, आण्णांना, जे काही तू त्यांना म्हणतेस, त्यांना 'का' विचारू नकोस. वस्तूंचं विचार. लहानपणी दावणीला कोणती गाय होती? तिचं दूध वाटीनं पाजायचे का बोंडल्यानं? वस्तीवरच्या छपराचं दार कुठल्या तोंडाला होतं? शाळेत नाव घालायला कुणाबरोबर गेलात? संध्याकाळी ते ओट्यावर एकटे असताना, तू शेंगा निवडत बसलेली असताना विचार, मुलगे नसताना. दोनदा-तीनदा विचारून बघ. तरीही बोलले नाहीत तर थांब. नव्वदीच्या माणसाकडून कबुली घेऊन तुला काय करायचंय? आणि जत्रेत सगळ्यांसमोर विचारायचं तर डोक्यातूनच काढून टाक. पाहुण्यांत ते त्यांचं मरण होईल आणि पुढची वीस वर्षं थोरलीचं नाव निघालं की लोकांना तुझं भांडण आठवेल.

वंशावळीत कुठं दाखवायचं, हा दिरांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. त्या कागदाची रचनाच बापाकडून मुलाकडं जाणारी आहे, दाखल्यासाठी तशीच लागते. मग दाखल्याची वंशावळ दाखल्यापुरती ठेवा. भिंतीवर लावायची ती घरची, तिला तहसीलदाराची सही लागत नाही. आजेसासऱ्यांच्या शेजारी दोन्ही बायकांची नावं घाला. दोन्ही. मी तुझं पत्र तीनदा वाचलं, धाकटीचं नाव त्यात कुठंच नाही. तिची नवमी होते, सवाष्ण जेवते, पण नाव तुलाही ठाऊक नसावं. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून तिला एक तिथी मिळाली. थोरली मागं राहून राबली, विधवा म्हणून गेली, म्हणून तिला तेवढीही नाही. तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावस्या असतेच. यंदा त्या दिवशी पान वाढताना तिचं नाव मोठ्यानं घे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, स्वयंपाक तूच करणार आहेस.

पुस्तिकेत काय लिहायचं? मला 'त्यागमूर्ती' या शब्दाचा कंटाळा आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. थोरच गोष्ट. पण लक्ष्मीबाई म्हटलं की सगळ्यांना ते एक मंगळसूत्रच आठवतं. त्या मुलांच्या रोजच्या भाकरी, आजारपणं, भांडणं, त्या बाईचा तो सगळा कारभार त्या एका सोन्याच्या डोरल्यामागं झाकून गेला. थोरलीचं तसं करू नका. तिनं प्रेमानं वाढवलं का नाइलाजानं, सवतीच्या पोरांकडं बघताना तिच्या मनात काय यायचं, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. ते रचून घालू नकोस. साधं लिही: "१९३९ ते १९५३ या काळात जमिनीचा व घराचा कारभार यांनी पाहिला. रान खंडाने दिले नाही. दोन्ही मुलांना वाढवले. भूमिगतांना जेवण यांच्या हातचे. १९७२ च्या दुष्काळात वस्तीवर राहून खडीच्या कामावर जात." वस्तीवर राहून, हे दोन शब्द कुणी काढायला लावले तर काढू नकोस. बाकी काहीही बदलू दे.

आता तुझा ता. क.

बाई, तुझं दुःख खरं आहे. पण थोरलीच्या खांद्यावर बंदूक ठेवून ती उडवू नकोस. नाहीतर दिरांना वाटेल, हिला स्वतःचं नाव हवंय म्हणून मेलेल्या बाईला पुढं केलंय, आणि दोघींचंही काम बिघडेल. तुझं वेगळं माग. बेदाण्याच्या शेडचा हिशेब तू लिहितेस, म्हणजे किती पेट्या शीतगृहात आहेत, व्यापाऱ्याकडून किती यायचेत, औषधवाल्याचं किती देणं आहे, हे घरात तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मग नवऱ्याला एकदा शांतपणे विचार, उताऱ्यावर माझं नाव का नाही? त्याच्या नावावर रान असेल, तर लक्ष्मीमुक्ती योजनेत तो अर्ज करून हयातीतच तुझं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ज्यासाठी गावोगाव आग्रह धरला, तीच ही योजना. तलाठ्याकडं चौकशी कर, आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे. उतारा अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर थांबावं लागेल, पण विचारून ठेव. भिंतीवरच्या फ्लेक्सपेक्षा तो कागद जास्त दिवस टिकतो, हे थोरलीचं नाव तुला ज्या कागदात सापडलं त्यावरूनच बघ.

राहता राहिलं एक काम. ते जत्रेच्या आधी कर.

२०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घरात छातीइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर कोठीच्या खोलीतली जुनी तांब्या-पितळेची भांडी गाळातून काढून अंगणात घासायला बसले. एका घंगाळाच्या काठाला चिंच लावली तर बारीक ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं वर आली. एक बाईचं नाव, एका गावाचं नाव, शके. माझ्या वडिलांची चुलती. आम्ही तिला नानी म्हणायचो, मी बावीस वर्षांची असताना ती गेली. सासरी नाव बदललेलं, रेशनकार्डावर तेच. तिचं माहेरचं नाव मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी घंगाळाच्या काठावर वाचलं. मग त्या गावी गेले. तिच्या भावाच्या नातवानं ओळख नसताना चहा पाजला आणि म्हणाला, "आमच्या थोरल्या आत्तीची म्हणजे सांगलीची पावणी की!" त्यांच्याकडं तिच्याबद्दल तासभर पुरतील एवढ्या गोष्टी होत्या, आमच्याकडं एकही नव्हती.

तुझ्या थोरलीचंही फेरफारावरचं नाव सासरचंच असणार. घराच्या माळ्यावर, नाहीतर वस्तीवरच्या जुन्या छपरात हंडे, परात, तपेली असतील. कुणी मोडीत घालायच्या आत उतरव आणि काठ बघ. घासताना तारेची घासणी लावू नकोस. ठोकलेली अक्षरं उथळ असतात, पुसून जातील. चिंच आणि मीठ, आणि बोटानं.